मदत हवी आहे: डेलच्या 'सांता क्लॉज कॉन्कर्स द मार्शियन्स' कॉमिकबद्दल

मंडळी, 1964 च्या या चित्रपटावरचं डेल या अमेरिकी प्रकाशकाचं कॉमिक घ्यायचं चाललंय. नेहमीच्या अंकावर 12-725-603 हा आकडा असतो: 12 म्हणजे किंमत 12 सेंट, मधला शीर्षकाचा क्रमांक, आणि 603 म्हणजे 1966 चा मार्च. चित्रपट 64 चा, हा अंक 66 चा.

मला मिळतेय ती प्रत बिनकिमतीची, बिनक्रमांकाची आहे. गोल्डन रेकॉर्ड या कंपनीच्या ग्रामोफोन तबकडीबरोबर दिलेली आवृत्ती अशीच असते. पण विकणाऱ्याकडे तबकडी नाही, नुसतं कॉमिक आहे. तबकडीशिवाय याचं मोल किती धरावं? आणि कडा कापून किंमत उडवलेली नाही ना, हे फोटोवरून कसं ओळखायचं? वरची-खालची कड आतल्या पानांपेक्षा पांढरी, ताजी दिसते का, एवढं मी विचारलंय. आणखी काय विचारू?

दुसरं, पिनांना गंज चढलाय, मधल्या पानावर तांबूस डाग उतरलाय. पिना काढून स्टेनलेसच्या घालाव्यात, की मूळ पिना तशाच ठेवाव्यात? बदलल्या तर विकताना सांगावं लागेलच.

मुंबईच्या पावसाळ्यात ठेवायचंय. मायलर (पारदर्शक पॉलिएस्टर) पिशवी, आम्लविरहित पुठ्ठा आणि डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठरलंय. पीव्हीसीची पिशवी नकोच, तिच्यातलं तेलकट द्रव्य मुखपृष्ठाच्या शाईला चिकटतं. जेल किती दिवसांनी बदलता?