गंबो पातळ का होतो: फिले आणि रू

गंबो म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा दाट रस्सा. तो पातळ झाला तर फिले पावडर घालून दहा मिनिटं उकळा, असा एक सल्ला वाचला, तो पटला नाही. फिले म्हणजे ससाफ्रास या झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड, लुइझियानात ती चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांकडून आली. उकळली की तिला तार सुटते. गॅस बंद केल्यावर घाला, किंवा सरळ वाढलेल्या वाडग्यात, माणशी पाव चमचा. गंबो उरवून पुन्हा गरम करायचा असेल तर पातेल्यात घालूच नका.

पण मूळ दुखणं बहुधा रूचं, म्हणजे तेलात भाजलेल्या मैद्याचं, असतं. मैदा जितका जास्त भाजाल तितका त्यातला स्टार्च मोडतो, म्हणून चॉकलेटी रू फिक्यापेक्षा कमी दाटपणा देतो. दोन लिटर स्टॉकला एक कप तेल आणि एक कप मैदा धरा. (लोणी नको, त्यातला दुधाचा अंश आधी करपतो.) मध्यम-मंद आचेवर पाऊण तास ढवळणं आलंच. रंग जमला की लगेच चिरलेला कांदा, सेलरी, ढोबळी मिरची टाका, त्यांच्या पाण्याने भाजणं आवरतं. काळे ठिपके दिसले तर रू फेकून द्या, तो कडवटपणा कशानेही जात नाही. आणि भेंडी भरपूर घालणार असाल तर तिच्या चिकटपणानेच दाटपणा येतो, फिलेची गरजच नाही.