एमएम सोडून एमसीकडे वळायचं, की नुसती सुई बदलायची?

खर्जातला (धागाकर्ता)

मंडळी, टर्नटेबलवाल्या कुणाशीही बोललं की एक वाक्य ठरलेलं असतं: मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएम नवशिक्यांसाठी, कान तयार झाला की मूव्हिंग कॉइल म्हणजे एमसी. मला हे अजिबात पटत नाही. कार्ट्रिज (सुई आणि तिच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणारी डबी) निवडताना आधी सुईच्या टोकाचा आकार बघावा. आत चुंबक हलतो की कॉइल, हे नंतर बघू.

आता कारण. 33⅓ च्या रेकॉर्डवर अगदी बाहेरच्या कडेला, केंद्रापासून सुमारे 146 मिमीवर, खाच सुईखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर वेगानं सरकते. शेवटच्या गाण्यापर्यंत सुई 60 मिमीवर आली की हाच वेग 21 सेंटिमीटर उरतो. म्हणजे 10 किलोहर्ट्झची एक लाट बाहेर 51 मायक्रॉन लांब असते, ती आत 21 मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. गोल टोकाच्या सुईची त्रिज्या 15 ते 18 मायक्रॉन. ती त्या वळणात शिरणार कशी? म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात, झांजेचा नुसता फसफसाट होतो.

लंबवर्तुळी सुईची कडेची त्रिज्या साधारण 8 मायक्रॉन. शिबाता, मायक्रोलाइन हे आकार त्याहून बारीक, आणि खाचेच्या भिंतीला उभ्या रेषेत जास्त लांबवर टेकणारे. शिबाता हा आकार 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जेव्हीसीच्या सीडी-4 या चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी निघाला, कारण तिथे 30 किलोहर्ट्झचा वाहक सिग्नल वाचायचा होता. म्हणजे हा आकार ऐकण्याच्या शौकातून नाही, गरजेतून आलाय.

आणि यासाठी एमसी लागत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 मालिकेत गोल, लंबवर्तुळी, मायक्रोलाइन, शिबाता अशा सगळ्या सुया एकाच बॉडीवर बसतात. जुनी ओढून काढायची, नवी सरकवायची. झालं अपग्रेड.

कॉइलपुराण

सपशेल असहमत. लेख छान, निष्कर्ष घाईचा.

तुमच्या सिद्धांताला एकच प्रश्न: डेनॉनचं डीएल-103. 1962 मध्ये जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी विकसित झालं. टोक गोल. तुमच्या हिशेबानं ते ऐकवणार नाही असं असायला हवं. पण साठ वर्षं उलटली तरी लोक ते हौसेनं लावतात. का? कारण ते एमसी आहे.

एमएममध्ये सिग्नल देणाऱ्या कॉइलमध्ये तारेचे हजारो वेढे असतात, इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध) अर्धा-पाऊण हेन्री. त्यावर केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बसली की कानाला ऐकू येईल अशाच पट्ट्यात विद्युत रेझोनन्स (एका ठरावीक वारंवारतेला सिग्नल फुगणं) उभा राहतो. एमसीमध्ये वेढे मोजके, इंडक्टन्स मायक्रोहेन्रीत. रेझोनन्स ऐकू येण्याच्या पार पलीकडे जातो. एमसी लावल्यावर वाद्यांभोवतीची जागा 'उघडते' असं लोक म्हणतात, ते काही हवेतलं नाही.

तिरकस तबकडी

+1 खर्जातला.

डीएल-103 स्टुडिओतलं कामकरी कार्ट्रिज आहे हो. रेकॉर्ड मागे-पुढे फिरवून गाण्याची सुरुवात शोधायची, दिवसभर हाताळायचं, त्याला गोल टोक आणि अडीच ग्रॅम भार सोयीचा. लोकांना आवडतं हे खरं, पण आवडणं वेगळं आणि खाचेत जे आहे ते सगळं वाचणं वेगळं. लाकडी बॉडी चढवून, सुई बदलून घेऊन तेच 103 'सुधारणारे' किती आहेत ते बघा. मूळचं परिपूर्ण असेल तर सुधारता कशाला?

हिशेबनीस

दोघांनीही टोनआर्मचं, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीचं, नाव काढलेलं नाही. कमाल आहे!

कार्ट्रिजचं लवचिक सस्पेन्शन आणि आर्मचं वजन मिळून एक खालचा रेझोनन्स तयार होतो. सूत्र सोपं: एकूण वस्तुमान गुणिले कॉम्प्लायन्स (सस्पेन्शन किती लवचिक, तो आकडा), त्याचं वर्गमूळ काढायचं आणि 159 ला त्यानं भागायचं. उत्तर 8 ते 12 हर्ट्झमध्ये यावं. खाली गेलं तर वाकडी रेकॉर्ड आणि पावलांचा धक्का आर्मला हलवतो, वर गेलं तर संगीताच्या खर्जात लुडबूड.

धरा, आर्मचं प्रभावी (सुईपाशी जाणवणारं) वस्तुमान 12 ग्रॅम, कार्ट्रिज 7, स्क्रू वगैरे 1. एकूण 20. कॉम्प्लायन्स 20 असेल तर 159 भागिले 20, म्हणजे जवळपास 8 हर्ट्झ. काठावर पास. त्याच आर्मवर 8.5 ग्रॅमचं डीएल-103 लावा. कॉम्प्लायन्स 5, उत्तर 15 हर्ट्झच्या वर. नापास? थांबा. जपानी कंपन्या बहुधा हा आकडा 100 हर्ट्झला मोजून देतात. 10 हर्ट्झचा आकडा ढोबळमानानं दीडपट ते दुप्पट येतो. दुप्पट धरला तर उत्तर 11 च्या जवळ. पास. दीडपट धरला तर साडेबारा, जरा वरच. म्हणून अशा कार्ट्रिजला जड हेडशेल (कार्ट्रिज बसवायचं आर्मचं टोक) देतात. तेव्हा "एमसी भारी की एमएम" विचारण्याआधी "माझ्या आर्मवर काय बसेल" विचारा.

कॉइलपुराण यांचा विद्युत रेझोनन्सचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच सांगितलाय. व्हीएम95 चा इंडक्टन्स 550 मिलिहेन्री. एकूण कपॅसिटन्स 200 पिकोफॅरड असेल तर रेझोनन्स 15 किलोहर्ट्झच्या आसपास. 400 झाली तर 11 च्याही खाली, आणि आवाज कर्कश. कंपनी स्वतः 100 ते 200 सांगते. आर्मच्या आतली तार, बाहेरची केबल आणि फोनो स्टेजचा (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) इनपुट, तिन्हींची बेरीज करायची. लांबलचक केबल लावायची आणि मग "एमएम टोचतं" म्हणायचं, हा अन्याय आहे.

नवखी श्रोती

मध्येच विचारते, रागावू नका. सुईचा भार कंपनीनं सांगितलेल्यापेक्षा थोडा कमी ठेवला तर रेकॉर्ड जास्त टिकतील ना? आणि शेवटच्या गाण्यातला फाटका आवाज काही न विकत घेता कमी करता येतो का?

हिशेबनीस

@नवखी श्रोती: ताई, पहिल्याचं उत्तर नाही, उलटंच होतं. भार कमी पडला की जोरकस जागी सुई खाचेच्या भिंतीवरून सुटते आणि परत आपटते. ते आपटणं भिंतीला जास्त ओरखडतं. कंपनीनं 1.8 ते 2.2 ग्रॅम दिले असतील तर दोनच्या आसपास ठेवा. डिजिटल काटा वापरा, काउंटरवेटवरच्या (आर्मच्या मागच्या वजनावरच्या) आकड्यांवर विसंबू नका.

दुसऱ्याचं उत्तर: हो, पुष्कळदा येतो. आर्म एका टोकाशी खिळलेला असतो, त्यामुळे सुई खाचेला बरोब्बर स्पर्शरेषेत फक्त दोन जागी येते. बेअरवाल्ड पद्धतीत त्या जागा 66 आणि 120.9 मिमीवर. स्टीव्हन्सन पद्धतीत आतली जागा 60 मिमीच्या जवळ, म्हणजे शेवटच्या गाण्याला झुकतं माप, पण मधल्या भागात विकृती थोडी जास्त. कागदी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायची छापील जाळी) छापून घ्या, छपाई शंभर टक्के मापात आलीय ना ते पट्टीनं तपासा. मग दोन्ही बिंदूंवर कॅंटिलिव्हर (सुईचं टोक धरणारी बारीक दांडी) जाळीच्या रेषेला समांतर करा. बॉडीकडे बघू नका, कॅंटिलिव्हरकडे बघा, कारण तो बॉडीत किंचित तिरका बसलेला असू शकतो.

कॉइलपुराण

हिशेबनीसांना दंडवत, पण माझा मुद्दा बाजूलाच पडला. समजा दोन्हीकडे शिबाता टोक आहे, दोन्ही नीट जुळवलेली. तरीही एमसीमध्ये हलणारा भाग हलका बनवता येतो, म्हणून बारीकसारीक तपशील जास्त येतो. हे मी ऐकलंय.

खर्जातला

ऐकलंत, पण आवाजाची पातळी सारखी करून ऐकलंत का? एक डेसिबल मोठं वाजणारं कार्ट्रिज प्रत्येक वेळी 'जिवंत' वाटतं. आणि हलका भाग म्हणजे एमसीच असंही नाही. डीएल-103 चा हलणारा भाग चांगल्या एमएमपेक्षा हलका आहे असं तुम्हीही म्हणणार नाही.

शिवाय एमसीचा सिग्नल 0.3 मिलिव्होल्ट, एमएमचा 4, म्हणजे तेरापट फरक. तो भरून काढायला फोनो स्टेजला 60 डेसिबलच्या आसपास गेन (सिग्नलची वाढ) लागतो, नाहीतर वेगळा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. त्यात सळसळ आली, घूं आली, की तुमचा बारीक तपशील तिथेच बुडाला. आणि सुई झिजल्यावर? एमएमला नवी सुई. बहुतेक एमसीला कंपनीकडे पाठवा, नाहीतर कारागिराकडून टोक बसवून घ्या. तोवर टर्नटेबलवर धूळ.

तिरकस तबकडी

झिजण्यावरून आठवलं. ऑडिओ-टेक्निकाच्या अंदाजानुसार लंबवर्तुळी टोक 300 तास, गोल 500, शिबाता 800, मायक्रोलाइन 1000. सुई महाग म्हणून रडणाऱ्यांनी तासांनी भागून बघावं. बाकी चालू द्या.

कॉइलपुराण

पातळी जुळवूनच ऐकतो, टेस्ट रेकॉर्डचा 1 किलोहर्ट्झचा स्वर लावून. तरी फरक उरतो. तुमची सळसळ ही वाईट फोनो स्टेजची तक्रार आहे, कार्ट्रिजची नाही. चांगला ट्रान्सफॉर्मर लावा आणि मग बोला. सुई स्वतः बदलता येत नाही हे मान्य, पण ओढून काढता येणारी सुई म्हणजे बॉडीत एक सैल जोड आला, त्याबद्दल एमएमवाले कधीच बोलत नाहीत.

हिशेबनीस

सैल जोडाचा मुद्दा चांगला आहे. म्हणूनच काही एमएममध्ये सुईचा धारक स्क्रूनं बॉडीला आवळतात.

@खर्जातला, तुमच्या आर्मचं प्रभावी वस्तुमान, केबलची लांबी आणि फोनो स्टेजचा इनपुट कपॅसिटन्स इथं टाका. मायक्रोलाइन घ्यायची की शिबाता ते मग बघू. मायक्रोलाइन आर्मची उंची चुकलेली फारशी खपवून घेत नाही, तुमच्या आर्मला उंची बदलायची सोय आहे का?

खर्जातला

सोय नाही. कार्ट्रिज आणि हेडशेलच्या मध्ये शिम (पातळ पट्टी) घालावी लागेल. केबल सव्वा मीटर, बाकीचे आकडे मॅन्युअलमध्ये बघून टाकतो.