शब्दचर्चा : ‘रेई’ला मराठीत काय म्हणायचं? नम्रता, आदर, विनय की अदब?

फलकवाला : सोलापुरातल्या एका कराटे वर्गाच्या भिंतीवर नियमांचा फलक लावायचा आहे. सगळा मजकूर मराठीत झाला, ‘रेई’पाशी, म्हणजे वाकून अभिवादन करण्याच्या जपानी शब्दापाशी, अडलाय. मसुद्यात ‘नम्रता’ लिहिलंय. पालकांना तो शब्द पटतो, पोरांना पुस्तकी वाटतो. आदर, विनय, अदब, सलामी यांतला कुठला बसेल? नुसता पर्याय नको, का ते सांगा.

बाळबोध : ‘रेई’ या जपानी चिन्हाचा मूळ अर्थ विधी, रीत, शिष्टाचार. वाकून केलेलं अभिवादन हा त्याच्याच पोटातला अर्थ. म्हणजे ‘रेई’ ही करायची गोष्ट आहे आणि नम्रता हा मनाचा भाव आहे. ‘रेई!’ असा हुकूम सुटला की रांग वाकते. ‘नम्रता!’ असा हुकूम देऊन बघा, पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

गंमत म्हणजे आपला शब्दही मुळात शरीराचाच. नम् म्हणजे वाकणे. त्यातूनच नमन, नमस्कार, प्रणाम आणि नम्र. फळांनी लगडलेली फांदी नम्र असते ती खरोखर वाकलेली असते म्हणून. पुढे अर्थ पाठीच्या कण्यातून मनात शिरला आणि कणा मोकळा सुटला.

‘आदर’चं तसं नाही. त्यात समोरच्याची दखल घेणं आहे. ‘अनादर’ म्हटल्यावर आधी दुर्लक्षच डोळ्यांपुढे येतं ना?

तांबडी माती : तालमीत यातला एकही शब्द ऐकू येत नाही, आणि तरी तिथं अदब कराटेवाल्यांपेक्षा कमी नसते. तिथल्या भाषेत भावनाम नाही, क्रियापदं आहेत. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या. मारुतीला हात जोडायचे. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात, उतरताना चिमूटभर माती कपाळाला लावायची. वस्तादांच्या पाया पडायचं. मग मेहनत. मेहनत म्हणजे जोर, बैठका आणि लढती. ऑफिसातली मेहनत नव्हे.

लढतीच्या सुरुवातीला सलामी. ‘सलामी घेतली’ म्हणतात, ‘सलामी झडली’ असंही म्हणतात. हाताला हात भिडतो आणि अंगाला माती लावली जाते. हा नुसता मान नाही. घामानं अंग निसरडं झालं की पकड सुटते, माती लावली की पकड बसते. म्हणजे समोरच्याला आपल्या अंगावर पकड घ्यायची सोय आपणच करून द्यायची. आदराची याहून नेमकी व्याख्या मला तरी कोशात सापडलेली नाही.

चूक कुठं होते तेही सांगतो. नवखा पोरगा सलामीला दिलेला हात ओढून तिथंच डाव टाकायला बघतो. तो चपळपणा नव्हे, खोटेपणा. सलामी पुरी होऊन दोघे सुटे झाल्याशिवाय कुस्ती सुरू झाली असं धरत नाहीत.

सलामीच्या उलट शड्डू. मांडी आणि दंड थोपटून दिलेलं आव्हान. वर्तमानपत्रांनी शड्डू निवडणुकीला देऊन टाकला आणि सलामी क्रिकेटला. ‘सलामीचा फलंदाज’ म्हणजे आता फक्त पहिला येणारा, त्यात सलाम कुठं उरला?

पूर्व भाग : ‘हौदा’ लिहिलंत म्हणून थांबलो. हत्तीवरचा हौदा अरबी ‘हौदज’वरून आला. तालमीतला हौदा मात्र ‘हौज’च्या, म्हणजे आपल्या पाण्याच्या हौदाच्या कुळातला. दिसायला जुळे, पण भाऊ नव्हेत. जत्रेतल्या मैदानाला आखाडा म्हणावं. तो संस्कृत ‘अक्षवाट’चा वंशज.

आणि ‘तालीम’ हा शब्द सोलापुरातच नीट कळतो. एकाच बोळात उर्दू बोलणाऱ्या घरी तालीम म्हणजे शाळा-कॉलेजचं शिक्षण, शेजारच्या मराठी घरी माती आणि मारुती, आणि नाटकवाल्याकडे सराव. अरबीत मूळ अर्थ शिकवणं. ‘इल्म’ही त्याच धातूचा. कानडी माणूस ‘गरडी मने’ म्हणतो. वस्ताद म्हणजे फारसी ‘उस्ताद’, पण मराठीनं त्यालाही तिरकस केलंय. ‘फार वस्ताद आहे’ म्हटलं की खिसा सांभाळायचा. ‘गंडा’चंही तेच. गुरूचा गंडा बांधला तर शिष्य, दुसऱ्याला गंडा घातला तर पोलीस ठाणं.

तांबडी माती : वस्तादांवरून आठवलं. दक्षिण सोलापुरातल्या बोरामणीच्या शेख घराण्यात तीन महाराष्ट्र केसरी झाले : इस्माईल १९८०, आप्पालाल १९९२, मुन्नालाल २००२. माती कपाळाला लावण्याला धर्म विचारला जात नाही, एवढंच म्हणायचंय. फलकावर ‘नमस्कार’ लिहायचा विचार असेल तर फलकवाल्यांनी तेही ध्यानात घ्यावं.

पांढरा पट्टा : शब्द ठरवण्याआधी कृती बघा. ज्युदोत कोदोकानच्या, म्हणजे ज्युदोच्या मूळ संस्थेच्या, रीतीनं उभ्यानं वाकायचं ते कमरेतून, साधारण ३० अंश. टाचा जुळलेल्या. वाकताना हात मांड्यांच्या बाजूंवरून पुढं, गुडघ्यांच्या थोडं वर येतात. क्षणभर थांबून तितक्याच संथपणे सरळ व्हायचं. कराटेत हात बहुधा बाजूलाच राहतात. बसताना आधी डावा गुडघा, मग उजवा. उठताना आधी उजवं पाऊल.

नेहमीच्या चुका : फक्त मान डोलते, कंबर जागची हलत नाही. पाठीला पोक येतो. बसून वाकताना बूड टाचांवरून उचललं जातं. जोडीदार फार जवळ उभा असला तर डोकी आपटतात, म्हणून आधी अंतर बघायचं. सिनेमात पाहून काही पोरं वाकतानाही डोळे रोखून धरतात. नजर शरीराबरोबर खाली जाऊ द्यावी.

शिवाय ‘सेन्सेई नी रेई’ म्हणजे गुरूंना आणि ‘ओतागाई नी रेई’ म्हणजे एकमेकांना. ‘नम्रता’ लिहिलंत तर दुसरी रेई झाकली जाते. एकमेकांपुढं कोण नम्र व्हायचं? तिथं ‘आदर’च हवा.

पूर्व भाग : सोलापुरात तर हवाच. ‘काय करलालाव बे’ हे बरोबरीच्याला चालतं, त्यात माया असते. तालमीतसुद्धा पोरापोरांत ‘बे’ असतंच, फक्त वस्तादांपुढं ते आपसूक गिळलं जातं. ही अदब. शब्द अरबी, पण ‘अदबीनं उभा राहा’ म्हटल्यावर कानडी, तेलुगू घरातल्या पोरालाही कळतं. माझं मत अदबीला.

बाळबोध : अदब बोलायला उत्तम. फलकाच्या शीर्षकाला मी ‘विनय’ सुचवेन, पण जुन्या अर्थानं. वि + नी, वळण लावणे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं पहिलं अधिकरण ‘विनयाधिकारिक’ आहे, आणि ते राजपुत्राला लाजरं-बुजरं करायला नव्हे, त्याच्या शिक्षणाला आणि इंद्रियांवरच्या ताब्याला वाहिलेलं आहे. बौद्धांचं विनयपिटकही भिक्षूंच्या नियमांचं. म्हणजे विनय आणि तालीम मुळात एकच! ‘दोजो’, म्हणजे कराटे-ज्युदोच्या सरावाची जागा, तरी काय, संस्कृत ‘बोधिमंड’चं (बुद्धाला बोध झाला त्या जागेचं) चिनी भाषांतर जपानात पोचलं, ते. शब्द घरी परत येतोय, येऊ द्या.

तांबडी माती : पोरांना ‘विनय’ म्हणजे वर्गातल्या मुलाचं नाव वाटेल.

फलकवाला : मग असं करतो. शीर्षक ‘अदब’. खाली तीन ओळी : ‘चपला बाहेर. आत येताना आणि जाताना रेई. जोडीदाराला रेई दिल्याशिवाय हात उचलायचा नाही.’ हुकूम जपानीच ठेवतो. पेंटर विचारतोय, ‘रेई’ की ‘रेइ’? पोरं ‘रे… ई’ असं दोन तुकड्यांत ओरडतात.

पांढरा पट्टा : खरा उच्चार लांबवलेला ‘रे’. पण ते फलकावर लिहू नका. सेन्सेईंकडे तोंड करून अख्खा वर्ग ‘रे’ म्हणायला लागला तर अरे-तुरे होईल. ऱ्हस्व ‘रेइ’ लिहा.