जेवणाच्या खोलीत मोठा आरसा लावावा का? कुठं आणि कसा? (सल्ला हवा)

काळीमाती:
नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्णीजवळ, जिल्हा यवतमाळ. घर अर्धं जुनं, पांढऱ्या मातीच्या भिंतीचं न वर कवेलू, आणि अर्धं दोन वर्षांपूर्वी विटांनी वाढवलेलं. मधली जी खोली आहे तिथं आता डायनिंग टेबल आलंय. खोली १४ बाय १० फूट, उत्तरेला एक खिडकी, तिच्यातून अंगण न कडुनिंब दिसतो, पश्चिमेला छोटी जाळीची खिडकी, पूर्वेला स्वयंपाकघराचा दरवाजा आणि त्याच्याच बाजूला हात धुवायचं बेसिन. दक्षिणेची भिंत जुनी मातीची. शेजाऱ्यांनी वरचा मजला काढल्यापासून खोली इतकी अंधारी झालीये की दुपारी बारालासुद्धा ट्यूब लावून जेवावं लागतं, आणि लाइट गेली की संपलंच.

मला एक मोठा आरसा लावायचाय, ४ बाय ३ फूट तरी, म्हणजे उजेड वाढेल आणि खोली मोकळी वाटेल. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, पन्नास-साठ पानं उठतात, त्याआधी व्हायला हवं. सासूबाईंचा विरोध आहे, त्या म्हणतात वीज कडाडली की आरसा झाकायचा असतो, एवढा मोठा कोण झाकेल, आणि जेवताना स्वतःचं तोंड काय पाहायचं. कोणत्या भिंतीवर लावू? माती आहे तिथं टिकेल का? ज्यांनी लावलाय त्यांनी खरं खरं सांगा.

सपरीतला_झोका:
ताई, तुमच्या सासूबाईंचं दुसरं म्हणणं खूप महत्त्वाचं आहे, ते उडवून लावू नका. आमच्याकडं (दारव्ह्याकडं) टेबलाच्या समोरच मोठा आरसा लावला होता, मस्त दिसायचा, येणारा जाणारा तारीफ करायचा. त्याच वर्षी मामंजींना अर्धांगवायू झाला. उजवा हात चालेना म्हणून डाव्यानं जेवायचे, वरण हनुवटीवर सांडायचं, आणि समोर आरसा. दोन-तीन दिवसांनी त्यांनी ताट उचलून सपरीत (ओसरीत) नेलं, म्हणे इथं वारा लागते. वारा कुठला, एप्रिल महिना होता. मला कळायला आठवडा लागला हो, आणि कळलं तेव्हा इतकं वाईट वाटलं की त्याच संध्याकाळी आरसा काढून भिंतीला पाठ करून ठेवला. मामंजी दुसऱ्या दिवशी काही न बोलता परत टेबलावर आले. म्हणून सांगते, आरसा लावा पण कोणाही बसलेल्या माणसाला घास घेताना स्वतःचं तोंड दिसणार नाही असा लावा. म्हातारी माणसं, दात काढलेली माणसं, नवी सून, कितीतरी जणांना ते नको असतं आणि तोंडानं कोणी सांगत नाही.

पाटीखडू:
वरच्या ताईंनी लिहिलं ते वाचून डोळ्यात पाणी आलं. आणि त्याचा उपाय अगदी साधा आहे. मी जि.प. शाळेत विज्ञान शिकवते, आठवीच्या पोरांकडून हे करून घेते. सपाट, सरळ लावलेल्या आरशात आपले डोळे आपल्याला बरोबर आपल्या डोळ्यांच्या उंचीवरच दिसतात, मागं सरका का पुढं सरका. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार-चार फुटांवर येतात. आरशाची खालची कड साडेचार फुटांवर घेतली तर बसलेल्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसतच नाही, त्याच्या मागचं आणि वरचं दिसतं. तुमच्या खोलीत दक्षिणेच्या भिंतीवर असा लावला तर समोरच्या खिडकीचा वरचा भाग, कडुनिंबाची फांदी आणि आभाळ दिसेल, म्हणजे दुसरी खिडकी काढल्यासारखंच. खाली पाटावर बसणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही. फक्त दोरीला टांगू नका, टांगला की वरची बाजू पुढं झुकते आणि मग पुन्हा ताटं न तोंडं दिसायला लागतात. भिंतीला सपाट पाहिजे.

पूर्वेला लावू नका. पश्चिमेच्या जाळीतून मावळतीचं ऊन सरळ आरशावर पडेल आणि परत बसणाऱ्याच्या डोळ्यात, एप्रिल-मेमधे सहन होणार नाही. शिवाय पूर्वेला लावला तर बेसिनमधे चूळ भरणारा माणूस आरशाला अगदी लागूनच उभा राहणार, शिंतोडे रोजचे. आणि एक लक्षात घ्या, आरसा उजेड तयार करत नाही, खिडकीतून आलेलाच परत फेकतो, म्हणून खिडकीसमोरची भिंत.

विजेचं म्हणाल तर आरशामुळं वीज पडत नाही, पण त्यावर सासूबाईंशी वाद नका घालू. वर एक पडद्याची दांडी लावा, सुती पडदा एका हातानं ओढला की झालं. घरात काही दुःखाचा प्रसंग आला तरी काही घरांत आरसा झाकतात, तेव्हाही कामी येतो.

काचकाम_तालुका:
आमचं काचेचंच दुकान आहे, म्हणून लांब लिहितो, रागावू नका. ४ बाय ३ चा आरसा ५ एमएम जाडीत घेतला तर नुसती काच १४ किलोच्या आसपास भरते (एक चौरस मीटर काच, एक मिलिमीटर जाडी, अडीच किलो, असा हिशोब आहे), वरून सागाची फ्रेम. मातीच्या भिंतीत रॉल प्लग (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती नळी) धरत नाही, पहिल्या पावसाळ्यात ओल आली की स्क्रू मातीसकट बाहेर येतो, हे मी डोळ्यानं पाहिलंय. तुमच्या जुन्या भिंतीत लाकडी खांब असतील, जुन्या घरात असतातच. दोन खांबांवर आडवी लाकडी पट्टी मारून घ्या, एक वर एक खाली, आणि आरसा त्या पट्ट्यांवर बसवा, म्हणजे वजन खांबावर जातं, मातीवर नाही. आणि पट्टीमुळं मागं अर्धा-पाऊण इंच जागा राहते, तिथून हवा खेळते, ते फार गरजेचं आहे. आरसा खराब होतो तो समोरून नाही, मागून आणि कडेनं. काचेमागं चांदीचा पातळ थर असतो, त्यावर रंगाचा थर. कडेतून ओल शिरली की चांदी काळी पडते आणि ते काळं आत सरकत जातं, एकदा सुरू झालं की थांबत नाही.

चिकटवायला कारागीर सिलिकॉन आणेल तेव्हा वास घेऊन पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते आरशाला लावू देऊ नका, त्यातलं आम्ल मागचा थर खातं. आरशासाठी न्यूट्रल क्युअरचं मिळतं, तेच मागा. कडा पॉलिश करून घ्या, आणि घरात लहान लेकरं असतील तर मागून सेफ्टी फिल्म लावलेला घ्या, फुटला तरी तुकडे फिल्मला धरून राहतात.

घेताना दुकानात दोन गोष्टी करा. नखाचं टोक आरशाला टेकवा, नख आणि त्याची छबी यात फट जितकी जास्त तितकी काच जाड, ३ एमएम आणि ५ एमएम शेजारी ठेवून पाहिलं की फरक लगेच कळतो. मग पाच-सहा फूट मागं जाऊन दरवाजाची चौकट आरशात पाहत मान हळूहळू हलवा, चौकट लाटेसारखी हलली तर तो आरसा सोडून द्या. नेताना पिकअपमधे आडवा टाकू नका, उभाच, मागंपुढं गोधड्या लावून, दोरीनं बांधून.

काळीमाती:
बापरे, किती मनापासून सांगितलंत सगळ्यांनी. दादा, एक विचारायचं राहिलं. माळ्यावर आजेसासऱ्यांच्या वेळचा एक जुना आरसा आहे, सगळे त्याला बेल्जियमचा म्हणतात, सागाची कोरीव चौकट आहे पण काच ठिपक्याठिपक्यांची झालीये. त्याच चौकटीत नवी काच बसवता येईल का? मागचं खरवडून परत चांदी लावतात का?

काचकाम_तालुका:
चौकट नक्की वापरा ताई, तसं लाकूड न तसा हात आता मिळत नाही. पण मागचं खरवडू नका, विशेषतः घरी तर नाहीच. काचेवर चांदी चढवायची पद्धत जर्मनीच्या लीबिग नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८३५ मधे काढली, त्याआधी कथील आणि पाऱ्याचे आरसे बनायचे. तुमचा किती जुना आहे ते इथून सांगता येणार नाही, मागं पारा असेलही, म्हणून खरवडल्यावर उडणारी भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नका. जुनी काच आहे तशी अलगद काढून वेगळी ठेवा. चौकटीच्या खाचेत किती जाडीची काच बसते ते आधी मोजा, जुन्या खाचा उथळ असतात, मग ४ एमएमवर यावं लागेल.

वावरवाला:
ताई मीबी एक सांगतो, हे कोनी सांगनार नाई. खिडकीसमोर आरसा लावला की चिमण्या येते. आमच्या घरी चिमणी आरशातल्या चिमणीले दुसरी समजून दिवसभर चोच मारे, टक टक टक, थकून खाली पडे न पुन्हा उठे, मले पाहवे ना. मायनं शेवटी लुगड्यानं झाकला. अन वानरं तर इचारूच नका, कवेलूवरून उतरून खिडकीत बसले न आरशात दुसरा हुप्प्या दिसला त काय करतीन सांगता येत नाई. म्हनून खिडकीले आधी जाळी ठोकजा, आरसा मंग.

दुसरं कूलर. तुमच्या इकडं बी मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतच असंन. थो कुठं ठेवता थे पाहजा. आमचा आरसा पाण्यानं नाई, कूलरनं खराब झाला. ओली हवा चार महिने सरळ कडेवर लागे, दोन उन्हाळ्यात खालून सगळा काळा. कूलरचं तोंड आरशाकडं ठेवू नका.

पाटीखडू:
कूलरचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, दादा बरोबर बोलले. आणि फोडणीचा धूर पण आहे, स्वयंपाकघराचा दरवाजा त्याच खोलीत उघडतो ना, तेलाचा चिकट थर बसणारच. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, त्यात सुती पंचा घट्ट पिळून पुसायचं न लगेच कोरड्यानं. आरशावर सरळ फवारा मारला की ओघळ खालच्या कडेत जाऊन बसतो, म्हणून जे काही लावायचं ते फडक्यावर.

तांड्यापल्याड:
मी वेगळंच सुचवते, पटलं तर बघा. एवढी मोठी काच नकोच असं घरात ठरलं तर बंजारा आरसेकामाचा विचार करा. आमच्या दिग्रस-पुसद भागात तांडे आहेत, जुन्या बाया अजून फेटिया (घागरा) न कांचळीवर (चोळीवर) असं बारीक आरसे टाकून भरतकाम करतात की बघत राहावं. आमच्या शेजारच्या याडीकडून (याडी म्हणजे आई, सगळे तिला तसंच म्हणतात) मी दीड फूट रुंद न पाच फूट लांब पट्टी भरून घेतली, जेवणाच्या खोलीत लावली. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीभर ठिपके हलतात. त्यात कोणाचं तोंड दिसत नाही, फुटायची भीती नाही. उजेड मात्र मोठ्या आरशाएवढा येत नाही हे खरं. तीन महिने लागले तिला, घासाघीस करू नका, डोळे जातात त्या कामात.

सपरीतला_झोका:
ताई, घेण्याआधी एक करा. वर्तमानपत्रं चिकटवून ४ बाय ३ चा कागद बनवा न चार दिवस भिंतीवर लावून ठेवा, उंची डोळ्याला पटते का ते कळतं. मग घरातला हातआरसा कोणाला तरी त्या जागी धरायला लावा आणि तुम्ही एकेका खुर्चीत बसून पाहा. सासूबाईंनाच बसवा आधी.

काळीमाती:
मंडळी, काय झालं ते सांगते. काल रात्री कागद लावला, खालची कड साडेचार फुटांवर. सकाळी लेकानं स्टुलावर चढून कपाटाचा आरसा धरला आणि मी सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "निंबाले मोहर आला का गं? इथून दिसते." त्या जागेवरून गेली दोन वर्षं त्यांच्या पाठीला अंगण होतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं कधी.

तर माळ्यावरची चौकट काढलीये. सुतारानं सांगितलं खाच ४ एमएमचीच आहे, माप चौकटीप्रमाणं साडेतीन बाय अडीच येतं, तेवढं पुरे. खांब भिंतीत सापडले, दोन्ही चांगले आहेत, एकाला खाली वाळवी लागलीये, तिचा बंदोबस्त आधी करून घेतो. खिडकीला जाळी या आठवड्यात, कूलर पश्चिमेच्या कोपऱ्यातून काढून दरवाजाकडं. पडद्याची दांडी सासूबाईंनी स्वतः सांगितली, कापड पण त्याच देणार आहेत, त्यांचं जुनं नऊवारी आहे जांभळं. आणि तांड्यापल्याड ताई, याडीकडं अजून काम घेतात का ते कळवा, पश्चिमेची भिंत अजून मोकळी आहे.