उत्तर: ऑस्ट्रेलियन मुलांचं 'गॅप इयर'

'गॅप इयर' म्हणजे शिक्षण किंवा नोकरीतून वर्षभराची सुट्टी घेऊन जग बघणं. एकांनी लिहिलंय की ऑस्ट्रेलियन मुलं हे वर्षभर आईबापांच्या पैशावर जग हिंडतात. हे मला अजिबात पटत नाही. बहुतेक जण आधी राबून पैसे साठवतात आणि बाहेर गेल्यावरही राबतातच. लंडनच्या पबमध्ये बिअर ओतणं, शाळेत बदली शिक्षक म्हणून जाणं, कॅनडात व्हिस्लर या बर्फातल्या पर्यटनस्थळी स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर उभं राहणं, ही त्यांची नेहमीची कामं. लंडनची ओढ तर जुनी आहे. साठच्या दशकात तिथल्या अर्ल्स कोर्ट या भागाला 'कांगारू व्हॅली' म्हणायचे, इतकी ही मंडळी तिथे राहत.

खर्चही बघा. ब्रिटनच्या यूथ मोबिलिटी व्हिसाला (तरुणांना तिथे राहून काम करू देणारा व्हिसा) खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात. शिवाय आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या मुदतीचा आगाऊ. जानेवारी २०२४ अखेरपासून ऑस्ट्रेलियन लोकांसाठी या व्हिसाची वयोमर्यादा ३० वरून ३५ झाली आणि मुदत दोनची तीन वर्षं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण नर्स किंवा इंजिनिअर झालेल्यांना आता आपल्याच क्षेत्रात नीट काम करता येतं.

शिक्षणाचं सरकारी कर्जही पाठ सोडत नाही. २०१७ पासून परदेशातली कमाईसुद्धा ऑस्ट्रेलियाच्या करखात्याला कळवून, ती ठरावीक मर्यादेपुढे गेली की हप्ता भरावा लागतो.

आपल्या मुलांसाठी: २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने १८ ते ३० वयाच्या भारतीयांना असाच व्हिसा खुला केलाय. वर्षाला १,००० जागा, निवड सोडतीने. घरात कुणी या वयाचं असेल तर जरूर सांगा.