'द कॉन्व्हर्सेशन'चा शेवट
या चित्रपटाच्या शेवटी नायक हॅरी कॉल स्वतःचंच घर उचकटतो, ते उगाच ताणलंय असं तुम्ही म्हणालात. मला मुळीच पटलं नाही. जन्मभर दुसऱ्यांवर पाळत ठेवलेला माणूस आपल्या घरातला छुपा माइक शोधत भिंतीचा कागद सोलतो, जमिनीच्या फळ्या उपटतो, येशूच्या आईची, मेरीची मूर्तीसुद्धा फोडतो. हाती काहीच लागत नाही. मग त्या पसाऱ्यात बसून सॅक्सोफोन वाजवतो. हॅरी झालेला जीन हॅकमन तिथे नुसत्या देहबोलीवर भाव खाऊन जातो!

आणि वॉल्टर मर्चचं ध्वनीवरचं काम? सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअर चौकात हॅरीने चोरून टेप केलेलं एका जोडप्याचं तेच वाक्य, 'संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल'. आधी जोर 'मारून'वर ऐकू येतो, शेवटी 'आपल्याला'वर. बळी वाटलेलेच मारेकरी निघतात. १९७४ सालचं काम आहे हे! पुन्हा बघाल तेव्हा हेडफोन लावूनच बघा.