लोब पंपातल्या 'लोब'ला काय म्हणावं?

ओवीकरीण
एका डेअरीसाठी रोटरी लोब पंपाची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. पंपाच्या आत फिरणारे दोन रोटर असतात, त्यांचे गोलसर फुगवटे म्हणजे लोब. वाचणारे म्हणजे तो पंप रोज उघडून धुणारे लोक. कानाची पाळी असते तशी म्हणून 'लोब'ला 'पाळी' लिहिलं, तर मसुदा परत आला. 'पाळ्या एकमेकींना टेकता कामा नयेत' या वाक्यापुढे लाल पेनाने तीन उद्गारचिन्हं. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, रात्रपाळीत पंपाची पाळी कोण वाचणार?" पुढचं बोलले नाहीत, पण कळलं. दुसरा शब्द सुचवा.

खलबत्ता
फुप्फुसाचे असतात तसे 'खंड'.

ओवीकरीण
'पंपाला दोन खंड पडतात' असं छापून आलं की लोक पंप बंद पडला समजतील.

शुद्धमती
'दल' घ्या. तीन लोबांचा रोटर बेलाच्या पानासारखाच दिसतो, म्हणून त्रिदल. दोनाचा द्विदल. घरात एवढा साठा असताना उसनवारी कशाला?

खलबत्ता
द्विदल पंप! तूरडाळ उपसणारा.

जुना फिटर
आमच्याकडे कोणी लोब म्हणत नाही. नुसतं 'रोटर', नाहीतर 'ते दोघं'. पण ताई, शब्दापेक्षा वाक्य सांभाळा. पंपाच्या पोटात ते दोघं एकमेकांच्या उलट फिरतात. नव्या पोराला वाटतं, उसाच्या चरकासारखा माल दोघांच्या मधून जातो. तसं नाही. माल कडेने जातो. लोब आणि बाहेरची भिंत यांच्यात खोलगा धरला जातो, त्यात बसून माल पलीकडे पोचतो. मधे दोघं एकमेकांत शिरतात ते परतीची वाट अडवायला. म्हणून श्रीखंडातली आंब्याची फोड सहसा चिरडत नाही.

आणि टेकत का नाहीत? कारण एक दुसऱ्याला फिरवत नाही. फिरवणारी दातेरी चक्रं मागे, वेगळ्या तेलाच्या पेटीत. गिअर पंपात मात्र मालातच एक चक्र दुसऱ्याला ढकलतं. एका ठिकाणी घाईत रोटर बसवले, मागच्या चक्राची पकड ढिली राहिली. संध्याकाळी चक्क्यात स्टीलचा कीस. अख्खी टाकी ओतून दिली. तेव्हापासून हाताने रोटर फिरवत चारी बाजूंनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातल्याशिवाय मी झाकण लावत नाही.

खलबत्ता
म्हणजे हे रहाटगाडगंच की! भरतं, फिरतं, ओततं. लोबला नाव नकोच, त्या खोलग्याला 'पोहरा' म्हणा.

जुना फिटर
गाडगं गळतं तसं इथेही गळतं. पातळ ताक फटीतून मागे सरतं, चक्का फारसा सरत नाही. पण रहाट अडला तर बैल थांबतो. इथे पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर लावली की दाब चढतच जातो, मग सील तरी जातं नाहीतर पाइप तरी. त्यासाठी तर रिलीफ व्हॉल्व्ह.

शुद्धमती
व्हॉल्व्हला 'झडप' आहे मराठीत.

जुना फिटर
झडप घारीची. आमच्याकडे वाल.

मडगावकर
मुळात 'पंप' तरी कुठे आपला? आपला म्हणजे 'बंब'. पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंपच. आगीचा बंब अजून पाणी फेकतो, न्हाणीघरातला मात्र नुसता तापवत बसला. 'लोब-बंब' म्हणा.

शुद्धमती
पोर्तुगीज चालतं आणि संस्कृत चालत नाही? कमाल आहे.

खलबत्ता
'बोंब मारणे'ही त्याच बोंबातून आलं असणार. आग लागली की आधी बोंब, मग बंब.

मडगावकर
अहो, काहीही.

भट्टीवाला
आडनावाचं भाषांतर केलं की काय होतं ते सांगतो. एका निविदेत 'रूट्स ब्लोअर'चा 'मुळांचा पंखा' झालेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. रूट्स हे अमेरिकेत इंडियानातल्या कॉनर्सव्हिलच्या दोघा भावांचं आडनाव, त्यांचं पेटंट १८६० चं. तेच दोन रोटर, तीच मागची चक्रं, फक्त दुधाऐवजी हवा. लोहाराच्या भात्याचं काम, पण न थांबता.

शुद्धमती
मग त्याला 'भाता' म्हणायला काय हरकत होती?

ओवीकरीण
मंडळी, शुक्रवारी छपाईला जातंय. सध्या 'रोटरची पाकळी' लिहिलंय, सुपरवायझर हसले नाहीत. फिटरकाकांचं 'माल कडेने जातो' जसंच्या तसं उचललंय, चालेल ना? आता एकच अडलंय. दोन रोटरमधल्या त्या फटीला काय म्हणता?

जुना फिटर
उचला की. क्लिअरन्स.

शुद्धमती
अवकाश!

खलबत्ता
फट म्हणता येत नाही का कोणाला?

मडगावकर
फट कशी चालेल? फट म्हणजे दाराची.